एकेक भाग सुटा

इंटरनेट जोडायला गेलं की कॉम्प्युटर थिजायचा. लेकीचा प्रवेशाचा अर्ज त्याच्याच पोटात होता, आणि तो पाचच्या आत पाठवायचा होता. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, “सहाला येतो, सगळं पुसून नव्याने भरू. तोवर हात लावू नका, मावशी.” आईचा जन्म शिलाई मशिनवर गेला होता. मशीन अडलं की ती एकेक भाग सुटा करून चालवून बघायची. तसाच तिने आधी प्रिंटर सोडवला, तरी कॉम्प्युटर थिजला. स्पीकर सोडवले, तरी तेच. मग बटण बंद करून झाकण उघडलं आणि आतलं आवाजाचं साउंड कार्डच उपटलं. “आई, बिघडेल गं,” लेक कळवळली. “बिघडायला चालतंय कुठे?” तिने बटण पुन्हा चालू केलं. फोनच्या तारेवरचा मोडेम किंचाळला, खरखरला आणि चक्क जोडला गेला; त्याला अडवत होतं ते साउंड कार्डच. पावणेपाचला अर्ज गेला. सहाला दुरुस्तीवाला उगवला. “मावशी, फोन सारखा एंगेज लागतोय.” “लागणारच,” आई म्हणाली. “इंटरनेट चालू आहे.”