शेजारची रिकामी सीट

आमच्या दारव्ह्यात विमानाचं काही विचारायचं असलं, तर उकंडरावाला विचारा. विमान त्यानं फक्त आभाळात पाहिलं, पण विमानप्रवासाचे सगळे नावाजलेले ब्लॉग त्याला तोंडपाठ. शेजारची सीट रिकामी कशी मिळवावी, यावर तर तो चहा थंड होईस्तोवर बोलतो.

पोरीनं नातवाच्या बारशाला बंगलोरचं तिकीट पाठवलं. विमान नागपूरहून, दुपारचं. यवतमाळहून पुढं नागपूरची बस धरायची म्हणून उकंडराव पहाटेच यवतमाळच्या जीपमध्ये जाऊन बसला.

"काबे बंटी, निघतं का नाही?"

"एक सवारी आली का निघालोच, काका," ड्रायव्हर म्हणाला. "खाली सीट घेऊन आपली गाडी हालत नसते. अन् तुमी उतरू नका, नाही तं दोन सवाऱ्यायची वाट पाहा लागंन."

ती सवारी उगवली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

रात्री उकंडराव त्याच जीपमधून दारव्ह्यात परत उतरला. "अबे, तुह्या एका सीटपायी माही सीट खाली ठेवून उडालं इमान. बारसं हुकलं माह्या नातवाचं."

बंटीनं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता मान हलवली.



"खाली सीट घेऊन उडालं? मंग कसा चालंन काका त्यायचा धंदा?"