डाव्या खांद्याची रायफल

"गाल कुठे टेकतोय?" हॅल्वरने विचारलं.

"फार खाली. मान मोडतेय माझी," लायल म्हणाला. "म्हाताऱ्या, जिराफासाठी बनवतोयस का?"

हॅल्वरने अक्रोडाच्या दस्त्यावर पेन्सिलीने खूण केली. लायलला तो पुन्हा पुन्हा डाव्या खांद्याला रायफल लावायला सांगत होता. काडतूस आत सारायचा बोल्टही डाव्या बाजूला बसवला होता. सगळं उलटं.

मोंटानात बिगहॉर्न या डोंगरी रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो. कित्येकांची हयात जाते, निघत नाही. लायल दर वर्षी अर्ज करायचा, त्याचा चौतिसाव्या अर्जाला निघाला. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता, गुडघे गेलेले होते आणि उजवा डोळा नव्हता. जनावराच्या जवळ चढून जाणं आता त्याला जमण्यासारखं नव्हतं. मारायचं तर लांबूनच, आणि त्यासाठी त्याच्या अंगाला बेतलेली रायफल हवी होती.

"दुकानातली घेतो की एखादी," लायल म्हणाला होता.

"मी बनवणार," हॅल्वर म्हणाला. लायलने त्यावर नजर दुसरीकडे वळवली होती.

कारण तो डोळा हॅल्वरच्याच रायफलीने घेतला होता. अकरा वर्षांपूर्वी, एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमातल्या पहिल्याच सकाळी, नवी कोरी रायफल लायलच्या तोंडासमोर फुटली. गावातले लोक म्हणाले, पोलादात खोट असेल. हॅल्वरने ते तसंच चालू दिलं.

नळीच्या बुडाशी काडतुसाचं घर कोरून झालं, की पोलादी माप आत घालून दोनदा तपासायचं, हा त्याच्या बापाचा नियम. आदल्या दिवशी लायल दारात उभा राहून घाई करत होता. हॅल्वरने एकदा तपासलं. दुसऱ्यांदा तपासल्याचं काही केल्या त्याला आठवेना. फुटलेल्या तुकड्यांवरून काही मोजताही येईना.

त्यानंतर त्याने नवी रायफल बनवली नाही. ज्याच्या हातच्या रायफलीसाठी वायोमिंगहून माणसं येऊन दोन दोन वर्षं थांबायची, तो आता सैल झालेले स्क्रू आवळायचा आणि मासेमारीच्या गळांची चाकं दुरुस्त करायचा. उरलेला वेळ लायलचा. त्याच्या वासरांना डाग द्यायचे, गवत रचायचं, दर रविवारी लाकडं फोडायची.

"हॅल्वर, याच्याशी लग्न तू केलंयस की मी?" लायलची बायको डॉट विचारायची, आणि त्याच्यापुढे हकलबेरीची फळं भरलेली गोड पाई ठेवायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. टेबलावर कुणी 'डोळा' एवढा शब्द जरी उच्चारला, तरी त्याची मान खाली जायची.

लायलने मात्र त्याला एका शब्दानेही कधी टोचलं नाही. उलट कुणी तसं काही सुचवलं, तर तो खेकसायचा, "माझ्या घरात हॅल्वरबद्दल वाकडं बोलायचं नाही!" हॅल्वरला ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

या खेपेला काडतुसाचं घर त्याने सात वेळा तपासलं. मग आठव्यांदाही तपासलं.

"काडतुसं तूच भरणार ना?" त्याने लायलला विचारलं. पूर्वी लायल विकतच्या काडतुसांना नाकं मुरडायचा. बंदुकीची दारू स्वतः तोलून, गोळी स्वतः बसवून घ्यायचा, आणि सगळ्यांपुढे मिरवायचा.

"तूच भर," लायल म्हणाला. "एका डोळ्याने तराजूचा काटा कुठला दिसतोय मला!"

हॅल्वर वरमला. अकरा वर्षांत हीसुद्धा हौस याची आपल्यामुळे गेली, असं त्याला वाटलं. त्याने काडतुसं भरली.

उन्हाळाभर दोघं कुरणाच्या टोकाला पोलादी पत्र्यावर नेम धरत राहिले. आधी दोनशे यार्ड, मग चारशे, मग सहाशे. ऑगस्ट संपेपर्यंत लायलचा डावा खांदा काळानिळा झाला आणि पत्रा वाजायला लागला.

ऑक्टोबरात, शिकारीच्या तिसऱ्या दिवशी, समोरच्या कड्यावर मेंढा दिसला. शिंगांचा पुरा वेढा पडलेला, म्हातारा.

"पाचशे चाळीस," हॅल्वर दुर्बिणीतून बघत पुटपुटला. "वारा डावीकडून आहे. घाई करू नकोस."

लायलने गाल दस्त्यावर टेकवला. आवाज दरीभर घुमला. मेंढा दोन पावलं चालला आणि बसल्यासारखा खाली गेला.

तिथवर पोचायला त्यांना तीन तास लागले. लायल मेंढ्याशेजारी बसला, शिंगावरून हात फिरवला आणि लहान मुलासारखा रडला. हॅल्वरला वाटलं, सांगायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

"लायल, ती जुनी रायफल. पोलादात खोट नव्हती. मी दुसऱ्यांदा तपासलंच नाही. तुझा डोळा माझ्यामुळे गेला."

लायलने कातडी सोलायला काढलेली सुरी बाजूला ठेवली.

"ठाऊक आहे मला, तुझ्या मनात काय आहे ते."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"आणि तरी मला घरात घेतलंस? माफ केलंस?" हॅल्वरने लायलच्या खांद्यावर हात ठेवला.

लायलने खांदा काढून घेतला.

"नको रे. दर नाताळला ठरवायचो, आज सांगून टाकायचं. तेवढ्यात तू दारात यायचास, लाकडं फोडायला. मग जीभच उचलायची नाही."

"काय सांगायचं होतं?"

लायल मेंढ्याकडेच बघत राहिला.

"गोळी लांब जावी म्हणून त्या सकाळच्या काडतुसांत मी दारू जास्त भरली होती, हॅल्वर. तू नको म्हणाला होतास, तरी."