टाकी भरायचा पाइप

"पाइप म्हणजे पाइप, काकू. बागेला पाणी घाला, नाहीतर मोटारहोमची टाकी भरा," हिरवं भेंडोळं पुढे सरकवत दुकानदार म्हणाला.

महिनाभर आम्हाला त्या गाडीतच राहायचं होतं, टाकीचंच पाणी प्यायचं होतं. ह्यांचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी पाणी जपून प्यायला बजावलेलं. मी पाइप नाकाशी नेला. रबराचा उग्र वास आला.

"उन्हात होता ना, म्हणून. पाण्याला लागत नाही."

"घे आता," बाहेर रिक्षात बसलेले हे म्हणाले. "तुला देवाच्या तांब्यालाही वास येतो."

मी हलले नाही. दारातल्या नळाला पाइप जोडायला लावला आणि त्यातून पेला भरून घेतला.

"आज माझी निर्जळी एकादशी, भाऊ. माझ्याऐवजी तुम्ही चाखा."

त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि गुपचूप आतून पांढरा पाइप आणला. "हा खास पिण्याच्या पाण्याचा."

मी पेला विसळला, नव्या पाइपाखाली भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"देवाशपथ चांगला आहे, काकू."

"देवाला कशाला मध्ये घालता," मी हळूच म्हटलं. "घोट घ्या."