चौदा गाण्यांची सीडी

"आप्पा, हा आवाज कोणाचा?" वृषाली दारातच थांबली. खांद्यावरची पर्सही तिनं उतरवली नव्हती. "अंगावर काटा आला माझ्या."

भिमाजीनं टेपचं बटण दाबलं. गाणं मध्येच तुटलं.

"बन्सीचा."

"आणि काल वाजत होता तो?"

"त्यो माजा."

"तोही बराय," पोरगी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

बराय. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीनं कानफटात द्यावी तसं झालं.

वृषाली श्रीरामपुरात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. बेलापुरातल्या घरीही तिनं एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता. बन्सीची बायको लंकाबाई आठ जुन्या कॅसेटी सीडी करायला म्हणून पिशवीत घालून आली, तेव्हा वृषालीनंच बापाला शिकवलं. टेपमधून निघालेली वायर इकडे खुपसायची. पडद्यावरचा लाल गोल दाबला की गाणं भरायला लागतं, चौकोन दाबला की थांबतं. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, घाई चालत नाही. सीडीवर चौदाच गाणी बसतील, तेव्हा निवडून ठेवा. बुद्ध पौर्णिमेला विहारात लावू. नव्या पोरांना कळू दे, आपल्या गावात गायन पार्टी होती म्हणून.

'बन्सी आणि पार्टी.' त्यातलं 'आणि पार्टी' म्हणजे भिमाजी. मिरजगावपासून तिसगावपर्यंत पंधरा वर्षं दोघांनी भीमगीतं म्हटली. पेटी एक, माइक एक, गाणीही तीच, आलटूनपालटून. हार मात्र बन्सीच्या गळ्यात. लोक उठून भेटायचे बन्सीला. टेपरेकॉर्डरही बन्सीचाच. नावं पुकारायच्या वेळी तो बंद ठेवायचे, कॅसेट वाचावी म्हणून. नुसती गाणी भरायची. भिमाजीनं त्या कॅसेटी कधी ऐकल्या नव्हत्या. बन्सीच्या घरात मांडी ठोकून बन्सीचं कौतुक कोण ऐकणार?

एक्क्याऐंशीला पार्टी मोडली. गेल्या साली बन्सी मेला. भिमाजीनं खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली आणि संध्याकाळी मटण खाल्लं.

कॅसेटीत दोन आवाज होते. एक भरडा, जरा नाकातला, पण ताल न सोडणारा. दुसरा एकदा वर चढला की खाली यायचं नाव घेत नव्हता. कोणता कोणाचा, हे ठरवायला भिमाजीला विचार करावा लागला नाही. जो ऐकून पोटात आग पडली, तो बन्सीचा.

त्या आवाजात तेवीस गाणी निघाली. वृषाली क्लासला गेली की रोज दुपारी तो ऐकायला बसायचा. एक गाणं त्यानं चारदा ऐकलं. चौथ्यांदा डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यानं कचकचीत शिवी हासडली. हरामखोर मेला तरी गात होता. पौर्णिमेला परत गाणार, परत गाव हरखणार, आणि भिमाजी परत 'बराय'.

कॅसेटींच्या कडेच्या बारक्या पट्ट्या मोडलेल्या होत्या, वरून कोणी दुसरं काही भरू नये म्हणून. भिमाजीनं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. तो आवाज जिथं जिथं सुरू व्हायचा, तिथं तिथं कॅसेट आणून त्यानं भरायचं बटण दाबलं आणि नुसती शांतता भरली. चार दुपारी गेल्या. कॉम्प्युटरमधूनही ती तेवीस पुसली. मग भरड्या आवाजातली चौदा निवडली.

"तो काटा आणणारा आवाज कुठंय?" वृषालीनं विचारलं.

"बुरशी लागलीय. नुसती खरखर येतीय."

"मी ऐकलं तेव्हा तर चांगला होता."

"तेवढंच गानं चांगलं हुतं. परवा फीत तुटली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नगरहून सीडी करून आणली.

आदल्या दिवशी लंकाबाई आली.

"जयभीम भावजी. झालं का काम?"

"झालं. पर वहिनी, बन्सीची गानी गेली. बुरशीनं खाल्ली. माजीच तेवढी वाचली."

लंकाबाई  म्हणाली, "तुमची वाचली ना? मग झालं."

टोमणा मारतेय, भिमाजीला वाटलं. मार म्हणावं. आता काय उपयोग.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटून झाली आणि सीडी लागली. भिमाजी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढं ताठ बसला. पोरं मांडीवर ठेका धरत होती. म्हातारी माणसं माना हलवत होती. आज गाव त्याला ऐकत होतं, एकट्याला. लंकाबाई पहिल्या गाण्यापासून पदर तोंडाला लावून रडत होती. रड, भिमाजी मनात म्हणाला. नवरा कुठंच नाही, म्हणून रड.

चौदावं गाणं संपलं. ती डोळे पुसत त्याच्याजवळ आली.

"भावजी, लई लबाड तुमी. म्हनं बुरशीनं खाल्ली. आन ही समदी ह्यांचीच गानी!"

"ह्यो... बन्सीचा आवाज?"

"मग कुनाचा? तीस वर्सं ह्या आवाजाच्या शिव्या खाल्ल्या म्या. वळखायची न्हाई व्हय?" ती रडता रडता हसली आणि त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. "पर तुमची गानी कुठं हायेत? मरस्तोवर ह्ये त्या कॅसेटी उशाला घिऊन झोपायचे. म्हनायचे, लंके, ह्या जपून ठिव. भिम्याच्या गळ्यावर जलमभर जळलो म्या, पन त्यो ऐकल्याबिगर मला झोप येत न्हाई."