प्लेटवरची ओवी

यशोधराने प्लेट उजेडाकडे धरली. पिवळट, पारदर्शक थरावर पांढरे ठिपके उगवले होते. अगदी मोहरीएवढे.

इंजेक्शनच्या बाटल्या जिथं भरतात त्या फिलिंग रूममध्ये ही प्लेट उघडी ठेवलेली असते. हवेतलं जे काही खाली बसेल ते तिच्यावर बसतं, आणि उबेला ठेवलं की वाढून डोळ्यांना दिसतं. त्या खोलीतल्या प्लेटवर काहीच उगवायचं नसतं. तिथली हवा गाळून गाळून आत सोडलेली. माणूस आत जातो तोही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून, नुसती नजर तेवढी काचेआडून बाहेर.

यशोधराने ठिपक्याचा कण मायक्रोस्कोपखाली पाहिला. माणसाच्या तोंडातले जंतू. प्लेट कुठे होती हे तिच्या पाठीवरच लिहिलेलं होतं: मशीनच्या डाव्या अंगाला. तिथं चंपामावशी उभी असते.

"आत कुणीतरी बोललंय," लॅबचे साहेब रुचिर सर दारातूनच म्हणाले. "नाव शोध. तोवर बॅच हलणार नाही. आणि जे कुणी असेल ते उद्यापासून आत नाही."

तिने कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा पाहिलं. चंपामावशी चिमट्याने आडव्या पडलेल्या बाटल्या उभ्या करत होती. भाताचं रोप चिखलात टेकवावं तशी, हलकेच. कुणी कुणाकडे मान वळवली नव्हती. हवेच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने मावशीला लॅबमध्ये बोलावलं. दोघी वडिवळे गावच्या, एका वस्तीतल्या. चंपा पदराला हात पुसत आली.

"काय गं यशू? पुन्यांदा बोटं तपासती का काय माजी?"

"बोटं स्वच्छ आहेत तुझी. मावशी, आत कुणाशी बोललीस?"

"म्या? कुनाशी बोलनार? तितं भित्तीवर एवढं मोठं लिवलंय, बोलायचं न्हाई म्हनून. त्या शेजारच्या कोमलनं डोळ्यानं काय इचारलं तरी म्या मान हलवती फकस्त."

"मग खोकलीस? शिंकलीस?"

"न्हाई बया. शिंक आली तर म्या भाईर येती."

चंपाने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"म्हनती जरा. मनातल्या मनात. ओठ हलत असतील तर हलत असतील."

"काय म्हणतेस?"

"गानं. त्याला काय बोलनं म्हनत्यात व्हय? बिनगान्याचा हात चालतो का कुनाचा? रोपाला चालला न्हाई, तर बाटलीला कसा चालंल?"

"कुठलं गाणं?"

चंपा लाजली. मग टेबलाच्या कडेवर बोटानं ठेका धरत म्हणाली,

"बाई काचेची बाटली, झऱ्यावानी गं नितळ,
कुन्या लेकरा जाशील, त्याच्या अंगा देई बळ."

"तूच रचलीस?"

"हात चालला की आपसूक येती."

यशोधराने प्लेट तिच्यापुढे सरकवली. चंपा वाकली. झाकणाला नाक टेकेल इतकी.

"मोहरी सांडल्यावानी दिसतंय."

"तुझ्या तोंडातलं आहे मावशी. तोंड हललं की मास्क ओला होतो. मग बारीक तुषार बाहेर पडतात."

चंपा हसली, मग हसू तसंच राहिलं. "ह्या बाटल्या कुनाला जात्यात गं?"

"दवाखान्यात. काचेच्या पेटीत ठेवतात ना बाळं, अपुऱ्या दिवसांची. त्यांना."

खोलीत फ्रिजची मोटर सुरू झाली आणि थांबली. यशोधरा प्लेटच्या झाकणाशी चाळा करत राहिली. प्लेट उचलताना आपली बाही लागली, असं लिहिलं तर ठिपके लॅबमधले आणि चुकी तिची स्वतःची ठरली असती. साहेबांनी झापलं असतं, आणि मावशी आतच राहिली असती. तिने मावशीला तसं सुचवून पाहिलं.

"मग त्या बाटल्यांचं काय व्हईल?"

"सुटतील."

"आन् जातील?"

यशोधराने प्लेट आपल्याकडे ओढून घेतली.

"माजं नाव लिव," चंपा म्हणाली. "गानं म्हनली म्हनून लिव. आन् त्या समद्या फोडून टाकाय सांग."

यशोधराने लिहिलं. रुचिर सरांनी वाचलं, भुवया उंचावल्या आणि सही केली. चंपाला दुसऱ्या दिवसापासून खोकी चिकटवायच्या विभागात जायला सांगितलं. बाटल्या गाडीवर रचून मागच्या दारानं नष्ट करायला नेल्या तेव्हा ती चप्पल बदलायच्या बाकावर बसून होती. गाडी वळणाआड गेल्यावर उठली.

संध्याकाळी दोघी कामशेतला, गावाकडे प्रवासी नेणाऱ्या वडाप जीपमध्ये चढल्या. समोरच्या बाकावर एक तरणी बाई तान्हं पोर आणि पिशव्या सावरत बसली होती. वळणावर पिशवी कलंडली, टोमॅटो घरंगळले.

"मावशी, जरा धरा वो ह्याला," म्हणत तिने पोर चंपाच्या मांडीवर दिलं आणि खाली वाकली.

चंपाने आधी पदर ओढून नाकातोंडावर घेतला. मग पोराला सावरलं.

"धूळ लागती व्हय मावशी?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "काच लावा की."

चंपाने पदर आणखी वर ओढला.

"मावशी, इथं चालतं गं," यशोधरा तिच्या कानाशी म्हणाली.

पोर किरकिरायला लागलं. जीप गावाकडच्या धरणाच्या बाजूला वळली. चंपा मांडी हलवत त्याला जोजवत होती, थोपटत होती, पण तोंडातून हूं की चूं नाही. पोराने हात वर केला, पदराची कड मुठीत पकडली आणि ओढायला लागलं. त्याला तोंड बघायचं होतं.

चंपाने पदर दातांत घट्ट धरला.