दीड सेकंद

"ओठ आधी हालतेत, आवाज मागून येतो. तेवढं जुळवून द्या, ताई," शिवशंकर म्हणाला.

नेकनूरच्या स्टँडजवळ यशोधराचं दुकान. लग्नाचे व्हिडिओ नीट करून द्यायचं तिचं काम. हा मात्र लग्नातला नव्हता. पडद्यावर त्याची बायको रोहिणी दवाखान्याच्या खाटेवर होती, गळ्यापर्यंत पट्ट्यांत. त्याच दुपारी ती गेली. यानंच पेटवली, अशी माहेरच्यांनी फिर्याद दिली होती. उद्या बीडला कोर्टात हा व्हिडिओ जज्जसाहेबांपुढं ठेवायचा होता. त्याची सुटका आता त्यावरच होती.

"स्टो भडकला. शिवशंकरचा काही दोष न्हाई," क्षीण, घोगरा आवाज म्हणत होता.

"लगीन झाल्यापासून कधी माझं नाव घेतलं न्हाई तिनं," तो म्हणाला. "शेवटी तेवढं घेतलं."

बाकावर त्याची आई, जानकीबाई, तोंडाला पदर लावून बसली होती. आल्यापासून शब्द बोलली नव्हती. यशोधरानं पाणी पुढं केलं, तर तिनं नुसती मान हलवली. यशोधराला भरून आलं.

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत तिनं आज्ञा टाइप केली, ऑफसेटपुढं, म्हणजे किती सेकंद सरकवायचं तिथं, १.५ लिहिलं. चित्र दीड सेकंद मागं सरकेल, आवाज जागेवर राहील. नवी फाइल लावली. ओठ हलले तसे शब्द आले.

"जुळलं की," शिवशंकर हळूच म्हणाला. "कावून झालं असंल असं?"

"होतं मोबाइलमधी. थांबा, शेवटपर्यंत बघू द्या. मी बघितल्याबिगर देत न्हाई."

व्हिडिओच्या शेवटी, आत आलेल्या नर्सच्या हातून स्टीलची वाटी पडत होती. खणकन आवाज आला, तेव्हा वाटी अजून हातातच होती. मग ती पडली, मुकाट.

यशोधरानं दीड पुसून शून्य घातलं. आता वाटी अन् तिचा खणखणाट एकाच क्षणी आले. तिनं दोनदा बघितलं. म्हणजे आवाज मागं नव्हताच कधी.

तिनं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. रोहिणीचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. दीड सेकंद गेला. मग शब्द आले, अन् ओठ मिटल्यावरही चालूच राहिले.

माऊसवरचा तिचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात मागून, बाकावरून, पदराआडून तोच क्षीण, घोगरा आवाज आला.

"शिवशंकर, जुळलं का रे?"