ओले हात

तीस वर्षांपूर्वी चंदनने निव्वळ गंमत म्हणून एक व्हायरस लिहिला आणि फ्लॉपीतून भाईंदरच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरांत सोडला. एकामागून एक सगळे बंद पडले. व्हायरस ही चीज तेव्हा सरांच्या गावीही नव्हती. मोरव्याहून मासळी विकून येणाऱ्या नीलमच्या ओल्या हातांनीच मशीनं बिघडली, असं म्हणून त्यांनी तिला क्लासमधून काढलं. चंदन मूग गिळून बसला.

आज तीच नीलम आपल्या लेकीला, पूर्वीला, घेऊन चंदनच्या स्वतःच्या क्लासच्या दारात उभी होती. आता तरी सांगून टाकावं म्हणून तो उठला.

"आत ये ना, नीलम."

"मी हितंच बरी हाय," ओढणीला हात पुसत ती म्हणाली.

मग पूर्वीला पुढे करत म्हणाली, "पोरीची काळजी नको. तिला मी कधी मासळीला हात लावू दिला न्हाय."